जुन्या ग्रामपंचायतीची शाळेकडची खोली गावच्या कलाकारांसाठी ठेवा

प्रति,
सरपंचताई, उपसरपंच आणि ग्रामपंचायतीचे सर्व सदस्य

सस्नेह नमस्कार.

ग्रामपंचायत नवीन इमारतीत गेल्यापासून जुनी इमारत कुलूप लावून पडली आहे. तिच्या दोन्ही खोल्यांचे गाळे काढून लिलाव करायचा, हा विषय २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत येणार असं कळलं. म्हणून त्याआधीच हे पत्र लिहिते आहे, आणि सगळ्या गावाला वाचता यावं म्हणून उघड लिहिते आहे. मागणी एकच आहे. बाजारचौकाकडे तोंड असलेली खोली खुशाल गाळ्याला द्या. शाळेकडे तोंड असलेली खोली मात्र आपल्या गावातल्या आणि आसपासच्या टोल्यांवरच्या, म्हणजे छोट्या वस्त्यांवरच्या, कलाकारांचं काम मांडण्यासाठी ठेवा.

"आपल्या गावात कलाकार हायेत कुठं?" असं एका सदस्यांनी मला विचारलं. भाऊ, तुमच्या प्रश्नाचा राग नाही आला. पण उत्तर सविस्तर द्यायला हवं.

धान घरी आलं की आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकांचे दिवस सुरू होतात. वडशाच्या कंपन्या गावोगाव फिरतात, रात्र रात्र मंडप भरलेले असतात. या रंगभूमीच्या कामासाठी २०२३ मध्ये गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्या चौकात फटाके वाजले. त्या नाटकांत मागे जो राजवाडा दिसतो, जे जंगल दिसतं, ते रंगवणारे हात आपल्या गावात आहेत. पडदेवाले मामा म्हणून तुम्ही सगळे त्यांना ओळखता. जन्माष्टमीचे कान्होबा आणि कोजागिरीपर्यंत बसणाऱ्या भुलाबाई आपल्याच कुंभारवाड्यात घडतात. तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल सुतारकाका करतात. बुरड मोहल्ल्यातल्या मावश्या सूप विणताना रंगवलेल्या बांबूची एखादी पट्टी अशी काही घालतात, की दोन घरची सुपं एकसारखी दिसत नाहीत. गोंड टोल्यावर दिवाळीआधी पांढऱ्या मातीने आणि गेरूने भिंती सजतात. बुद्धविहाराची आतली भिंत ज्या पोराने रंगवली, तो दिवसा पेट्रोलपंपावर काम करतो. त्या भिंतीवर बाबासाहेबांच्या हातातल्या पुस्तकाची पानंसुद्धा त्याने वेगवेगळ्या करड्या रंगांत काढली आहेत. पुढच्या वेळी विहारात गेलात तर जवळ जाऊन पाहा.

या सगळ्या कामांचं आयुष्य फार थोडं. भुलाबाईचं विसर्जन होतं, भिंत पुढच्या वर्षी पुन्हा सारवली जाते, सूप वापरून फाटतं, पडदा ट्रकमध्ये गुंडाळून दुसऱ्या गावाला जातो. त्याला माझी हरकत नाही, या वस्तू वापरण्यासाठीच केलेल्या असतात. पण करणाऱ्याचं नावही त्या वस्तूबरोबरच जातं, ते जाऊ नये. आपल्या भागाला हे नव्याने सांगायची गरज नाही. आपल्याच नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी थोड्याशा शेतात निवड करत करत एचएमटी धान तयार केलं. ते घरोघरी पेरलं गेलं, शहरात चढ्या भावाने विकलं गेलं, आणि नाव पडलं एका घड्याळाच्या कंपनीचं. दादाजी २०१८ मध्ये गेले. आजही तो तांदूळ खाणाऱ्या किती लोकांना त्यांचं नाव माहीत आहे? शेतकऱ्याच्या बाबतीत जे झालं ते कारागिराच्या बाबतीत रोज होतं, आणि आपण ते एका खोलीपुरतं तरी थांबवू शकतो.

यंदा पोळ्याला वाचनालयाच्या व्हरांड्यात आम्ही छोटंसं प्रदर्शन लावलं होतं. तुमच्यातले काही जण येऊन गेले. जे आले नाहीत त्यांच्यासाठी सांगते.

सुतारकाकांनी शिवणीच्या लाकडाचे बैल आणले. बाजारात हल्ली जे बैल मिळतात ते साच्यातून काढल्यासारखे, मान सरळ, डोळे रंगाचे दोन ठिपके. काकांच्या बैलाचं वशिंड एका बाजूला किंचित कललेलं असतं आणि मान डावीकडे वळलेली असते, जणू शेजारच्या बैलाकडे पाहतो आहे. पटाशीच्या खुणा त्यांनी मानेवर तशाच ठेवल्या होत्या, घासून काढल्या नव्हत्या. त्या उभ्या खुणांमुळे गळ्याच्या पोळीच्या घड्या आपोआप दिसतात. मी पांढऱ्या कार्डावर त्यांचं नाव लिहून समोर ठेवलं. ते म्हणाले, "काहून जी, नाव कशाले?" मग थोडा वेळ तिथेच उभे राहिले आणि म्हणाले, "लिवतच असान तं माह्या बापाचंबी लिवा. हे मान वळवाची रीत त्यायची हाय." मी दुसरं नाव खाली लिहिलं. वडील वारून पुष्कळ वर्षं झाली. त्यांचं नाव आजवर फक्त सातबाऱ्यावर होतं.

दुसऱ्या दिवशी एक शेतकरी काका आले. बैल हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि सरळ सांगितलं, "मागचे पाय चुकले. जू ओढते वेळी बैल असा उभा राहत नाही." सुतारकाका तिथेच होते. दोघांची अर्धा तास चर्चा चालली, खुरापासून मांडीपर्यंत. मला त्या दोन दिवसांतली सगळ्यात मोलाची गोष्ट कोणती वाटली असेल तर ही. कौतुक सगळेच करतात. आपल्या कामाकडे इतकं निरखून पाहणारा आणि ते चुकलं तर तोंडावर सांगणारा जाणकार प्रत्येक कलाकाराला हवा असतो. तो जाणकार नागपूरच्या दालनात मिळणार नाही, कारण तिथे जू ओढणारा बैल कोणी पाहिलेला नसतो. तो आपल्याच गावात आहे, त्याला पाहायला जागा हवी.

म्हणूनच ही खोली पर्यटकांसाठी मागत नाही, हे स्पष्ट सांगते. ताडोबाला जाणाऱ्या गाड्या इथे थांबतील आणि गावाला चार पैसे मिळतील असं स्वप्न मी तुम्हाला दाखवणार नाही. मध्य प्रदेशातल्या पाटनगढचे गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम यांच्या भिंतीवरची चित्रं भोपाळहून आलेल्या मंडळींच्या नजरेस पडली आणि १९८२ साली सुरू झालेल्या तिथल्या भारत भवन या कलाकेंद्राने त्यांना जगापुढे नेलं. मोठी गोष्ट झाली ती. पण त्यासाठी बाहेरून कोणीतरी यावं लागलं आणि त्यांना गाव सोडावं लागलं. आपल्या पोरांनी कोणीतरी येण्याची वाट पाहत बसावं असं मला वाटत नाही. खेड्यातलं काम खेड्याच्या भागातच मांडून ठेवायचं, ही गोष्ट विदर्भाला काही नवी नाही. वर्ध्याचं मगन संग्रहालय १९३८ पासून ग्रामोद्योगासाठी उभं आहे. आपण त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढं मागतो आहोत.

पोरांबद्दल थोडं आणखी लिहिते, कारण रोज संध्याकाळी वाचनालयात ती माझ्यासमोर असतात. प्राथमिक शाळेत वेगळे चित्रकला शिक्षक नाहीत. हायस्कूलला गेल्यावर काही मुलं चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसतात, पास होतात, दहावीला त्याचे वाढीव गुण मिळतात आणि रंगपेटी माळ्यावर जाते. यातल्या एकाही मुलाने दुसऱ्या माणसाने हाताने काढलेलं चित्र भिंतीवर नीट लावलेलं कधी पाहिलेलं नाही. मोबाइलवर जगभरची चित्रं दिसतात, पण त्यात कागदाचा पोत दिसत नाही, रंगाचा थर दिसत नाही, चूक दुरुस्त केलेली जागा दिसत नाही. नागपूरचं शासकीय चित्रकला महाविद्यालय इथून शंभर किलोमीटरपेक्षा लांब. तिथे जाऊन शिकता येतं, हेच बहुतेकांना माहीत नाही. शाळा सुटल्यावर समोरच्या खोलीत पडदेवाल्या मामांनी कापडावर झाडाची साल कशी रंगवली हे हातभर अंतरावरून पाहता आलं, तर त्या मुलाला कळेल की हे काम करणारा माणूस आपल्या गल्लीत राहतो आणि त्याला विचारता येतं.

आता खोलीबद्दल. मी बाहेरून आणि खिडकीतून पाहिली आहे. भिंती जाड आहेत, त्यामुळे आत उन्हाळ्यातही बरं राहील. कवेलू माकडांनी फोडले आहेत, ते पावसाआधी बदलावे लागतील. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी चारनंतर थेट ऊन येतं. त्या उन्हात जलरंग आणि स्केचपेनचे रंग पाहता पाहता उडतात, म्हणून तिथे खादीचा जाड पडदा हवा. मातीच्या भिंतीत खिळे ठोकले की पोपडे पडतात. त्यापेक्षा वर एक लाकडी पट्टी चारी बाजूंनी बसवून तिला आकडे लावले, की दोरीने चित्र हवं तसं खाली-वर करता येतं. चित्राचा मध्य जमिनीपासून पाच फुटांच्या आत राहावा, म्हणजे मोठ्यांना मान वर करावी लागत नाही आणि मुलांनाही दिसतं. पावसाळ्यात चित्र भिंतीला चिकटून राहिलं तर ओल धरतं, म्हणून मागे बांबूची कांबट लावून थोडी फट ठेवायची. टेबलांच्या पायांखाली जळक्या ऑइलच्या वाट्या ठेवल्या की उदई चढत नाही. टाइल्स नकोत, पीओपी नको, एसी तर नकोच. चुन्याची सफेदी, दोन एलईडी दिवे, एक पंखा आणि चांगलं कुलूप एवढं पुरे. लाकूडकाम आणि बांबूकाम गावातलीच माणसं करतील, आणि त्याची मजुरी त्यांना रीतसर द्यावी.

वर्षभर खोली उघडी ठेवायचा आग्रह नाही. रोवणीच्या दिवसांत गावात माणूस सापडत नाही आणि मे महिन्यात दुपारी चिटपाखरू बाहेर पडत नाही. पोळ्यापासून कोजागिरीपर्यंत लाकूडकाम आणि मातीकाम मांडता येईल. धान निघाल्यावर, नाटकांच्या हंगामात, पडदे, मुखवटे, जुनी पोस्टरं आणि दंडार या लोकनाट्याची साधनं. १४ एप्रिलच्या आसपास पोरांची चित्रं. उन्हाळ्यात फक्त संध्याकाळी, पाच ते आठ, वाचनालयाच्याच वेळेत. वाचनालय समोरच असल्याने खोली उघडणं-बंद करणं आणि वहीत नोंद ठेवणं मी करीन. त्यासाठी वेगळा पगार मागत नाही.

नियमांबद्दल मात्र मी अडून बसणार आहे. काही वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या एका महोत्सवासाठी आपल्या मोहल्ल्यातून टोपल्या, सुपं आणि दोन लाकडी मुखवटे नेले होते. पावती दिली नाही. स्टॉलवर 'स्थानिक हस्तकला' एवढीच पाटी होती, कोणाचंच नाव नव्हतं. मुखवट्यांपैकी एक परत आला, तोही कान तुटलेला. दुसऱ्याचं काय झालं ते विचारायला गेलेल्या मावशीला तीन टेबलं फिरवून घरी पाठवलं. त्या मावशी आजही आपलं काम कुठे द्यायला तयार होत नाहीत. पोळ्यालाही त्यांनी दिलं नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही.

म्हणून आपल्या खोलीत वस्तू आली की वहीत नोंद व्हावी: कोणाची, कधी आली, कोणत्या अवस्थेत आली, कधी परत जाणार. करणाऱ्याच्या हातात सहीची पावती पडावी. प्रत्येक वस्तूजवळ नाव असावं, आणि ते सगळ्यांचं एकाच आकाराच्या अक्षरांत. वस्तू विकली गेली तर पूर्ण रक्कम करणाऱ्याला मिळावी, खोलीने त्यातून काही कापू नये. मोडतोड झाली तर भरपाई कोण देणार हे आधी ठरावं. आणखी एक गोष्ट सचिवांनी लक्षात घ्यावी. चित्र विकत घेतलं म्हणजे ते कॅलेंडरवर किंवा बॅनरवर छापायचा हक्क मिळत नाही. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि त्याच्या कलम ५७ प्रमाणे आपल्या कामावर आपलं नाव सांगण्याचा हक्क कलाकाराकडेच राहतो. ग्रामपंचायतीला कोणाचं चित्र छापायचं असेल तर आधी विचारावं, लेखी घ्यावं आणि मोबदला द्यावा.

एकाच खोलीत, एकाच उंचीवर, सूपही लागेल आणि रेखाचित्रही. हे मी मुद्दाम लिहिते आहे. 'हे कलाकार, ते कारागीर' अशी वाटणी झाली की पाहता पाहता ती मोहल्ल्यांची वाटणी होते, आणि ती कशी होते हे आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. बुरड मावशींचं काम बाहेरच्या पडवीत आणि फ्रेम केलेलं चित्र आत, असं या खोलीत कधीही होऊ नये. निवड करायला पाच जणांची समिती असावी, त्यात निम्म्याहून जास्त स्वतः काम करणारी माणसं असावीत, किमान दोन बाया असाव्यात आणि टोल्यावरचं एक माणूस असावं. ग्रामपंचायत सदस्यांनी समितीत न बसता वर्षातून एकदा वही तपासावी.

आणि या खोलीत सत्कार नकोत, नेत्यांचे फोटो नकोत, वाढदिवसाचे बॅनर नकोत. कोणत्याही पक्षाचे नकोत. समाजमंदिराचं काय झालं ते आपण पाहतोच आहोत.

पैशांचं म्हणाल तर, "आधी पाणी, आधी नाल्या" हे म्हणणं मलाही पटतं. माझ्याही गल्लीत नाली तुंबते. पण वित्त आयोगाच्या निधीतला पाणी आणि स्वच्छतेचा भाग बंधित असतो, तो या खोलीकडे वळवताच येत नाही आणि कोणी वळवूही नये. अबंधित भाग संविधानाच्या अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांमधल्या स्थानिक गरजांसाठी असतो. त्या यादीत ग्रंथालयं विसाव्या क्रमांकावर आहेत आणि सांस्कृतिक कार्य एकविसाव्या. म्हणजे हे काम ग्रामपंचायतीच्या कक्षेतलंच आहे, विकास आराखड्यात घ्यायचं की नाही एवढंच तुमच्या हातात आहे. गाळ्याचं भाडं बुडेल ही काळजी रास्त आहे. म्हणूनच बाजाराकडची खोली मी मागितलेली नाही, भाडं तिचंच जास्त येणार. शाळेकडच्या खोलीला गाळा म्हणून कोण घेणार? फार तर तंबाखूच्या खर्ऱ्याचा ठेला येईल, आणि तो शाळेच्या फाटकासमोर असेल. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्याने बंदी आहे हे वेगळं सांगायला नको.

एक विनंती पुढच्या वर्षासाठीही करून ठेवते. ग्रामपंचायतीने दरवर्षी एक तरी काम विकत घ्यावं, पूर्ण किमतीला, आणि ते नव्या इमारतीतल्या सभागृहात नावासह लावावं. सध्या त्या भिंतीवर कंपनीचं कॅलेंडर आहे.

ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत लिलावाच्या विषयाचे दोन भाग करा: बाजाराकडची खोली वेगळी, शाळेकडची वेगळी. दुसऱ्या भागावर बोलायला मला आणि पडदेवाल्या मामांना वेळ द्या. त्याआधी येत्या रविवारी सकाळी आठ वाजता खोलीची किल्ली घेऊन सचिवांना पाठवा. सुतारकाका मोजमाप घ्यायला टेप घेऊन येणार आहेत, पट्टीला किती लाकूड लागेल ते तिथेच लिहून देतील. सदस्यांपैकी जे येऊ शकतील त्यांनी जरूर यावं.

आपली,
गावच्या सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल